जजने ठेवून घेतलेला कागद

बेथेल क्रॉसिंग, अलाबामा
१४ फेब्रुवारी १९८८

प्रिय ओझेला,

तुझं पत्र पोचलं. डिट्रॉइटच्या थंडीबद्दल इतकं कुरकुरायचं होतं तर शेहेचाळीस वर्षांपूर्वी गेलीस कशाला, असं मी विचारणार नाही, कारण मी चांगली बहीण आहे.

दोन बातम्या आहेत. वाईट आधी सांगते. आपल्या रॅन्समच्या कर्टिसने, आपल्या सख्ख्या भाच्याने, क्लीव्हलँडमध्ये बसून बाबांच्या जमिनीतला स्वतःचा वाटा एका लाकूड कंपनीला विकला. बाबांनी मृत्युपत्र केलं नाही, म्हणून जमीन आपली सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. आता कंपनी कोर्टात गेली आहे. म्हणते, एवढ्या वारसांत जमीन वाटता येत नाही, तेव्हा सगळीच विकून टाका. सगळी म्हणजे माझं घर, पिकानची झाडं आणि आईबाबांची थडगीसुद्धा. मी चौसष्टाव्या वर्षी कुठे जाऊ?

दुसरी बातमी चमत्कारिक. आपला चुलतभाऊ जज चौदा वर्षांची आमदारकी सोडून काउंटीच्या न्यायाधीशपदाला उभा राहतोय. म्हातारा व्हिटलॉ छत्तीस वर्षांनी ती खुर्ची सोडणार, सत्तरी गाठल्यावर कायद्याने लढता येत नाही. जजसमोर व्हिटलॉचाच पुतण्या उभा आहे.

मी तर हसून हसून दमले. काकीने पोराचं नाव जज ठेवलं ते गोऱ्यांची खोड मोडायला. ते आपल्या आजोबांच्या वयाच्या माणसालाही 'ए पोरा' म्हणायचे. नावच जज म्हटल्यावर करतात काय? आता हा निवडून आला तर कोर्टाच्या दारावर 'जज जज टॉलिव्हर' असं लिहावं लागेल. पाटी रंगवणाऱ्याला वाटेल, चुकून दोनदा झालं.

तुझी,
व्हर्लीन

*

डिट्रॉइट
२७ फेब्रुवारी १९८८

प्रिय व्हर्लीन,

तू हसत बस. मला हसू येत नाही.

काळ्या माणसाला माँटगोमेरीच्या विधानसभेत खुर्ची मिळवून द्यायला आपल्या लोकांनी पोलिसांच्या कुत्र्यांचे चावे खाल्ले. ती खुर्ची सोडून हा कुठे निघालाय? जिथे लोक लग्नाचे परवाने आणि मोटारीच्या नंबरपाट्या घ्यायला रांग लावतात, तिथे. तिथे आणखी काय असतं ते तू लिहिलं नाहीस. मृत्युपत्रं असतात. जमिनीची खाती असतात. कुणाची जमीन कुणाच्या नावावर, ते सांगणारी वही त्याच खुर्चीमागच्या कपाटात असते.

आणि कर्टिसने वाटा विकला कधी? जानेवारीत. जज उभा राहिला कधी? फेब्रुवारीत. कुठेतरी पाणी मुरतंय, बेबी. ज्याने मर्तिकाचं दुकान चालवून अर्धी काउंटी पुरली, त्याला कोण मेलं आणि मागे काय ठेवून गेलं हे सगळं ठाऊक असतं.

तो काय करतो, काय विचारतो, सगळं मला कळव. त्याला काही देऊ नकोस, आणि खायला तर मुळीच घालू नकोस. तुझा हात सैल आहे.

ओझेला

*

बेथेल क्रॉसिंग
२० मार्च १९८८

प्रिय ओझेला,

खायला घातलं. आधीच सांगून टाकते. घरी आलेल्या माणसाला मी दारातून परत पाठवत नाही, आणि तो कोलार्डची भाजी अशी खातो की बघत राहावं.

पण तुझ्या पत्रामुळे माझ्या मनात पाल चुकचुकली होती, त्यामुळे मी त्याच्याकडे जरा वेगळ्या डोळ्यांनी बघत होते. तो आधी कुंपणाकडेने चालला, थेट ओढ्यापर्यंत. मग दोन्ही थडग्यांपाशी उभा राहिला आणि बाबांची मृत्यूची तारीख वहीत उतरवून घेतली. पुरलं यानेच, तारीख याला माहीत नाही?

मग टेबलाशी बसून, तोंडात मक्याची भाकरी असताना, अगदी सहज विचारतो, "व्हर्लीन, काकांच्या हातचं लिहिलेलं काही आहे का तुझ्याकडे? काहीही चालेल. एखादी यादी, चिठ्ठी."

मी म्हटलं, "कशाला?"

"बघायचंय."

"काय बघायचंय?"

तो हसला आणि म्हणाला, "तू कोर्टात सरकारी वकील म्हणून शोभशील गं." मी म्हटलं, काही नाही माझ्याकडे. आता तुला खरं सांगते, भजनाच्या जुन्या पुस्तकात बाबांनी खेचरांची नावं आणि जन्मतारखा लिहून ठेवल्या आहेत. तो गेल्यावर मी ते पुस्तक पिठाच्या डब्यात खुपसलं. चर्चमध्ये शेजारी बसतो त्या माणसाशी मी खोटं बोलले आणि मला वाईटही वाटलं नाही.

तो जाताना म्हणाला, "कंपनीच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. आणि मी काय विचारलं ते कुणाला बोलू नकोस."

कुणाला बोलू नको, म्हणजे काय गं?

व्हर्लीन

*

डिट्रॉइट
२ एप्रिल १९८८

बेबी,

आता ऐक. हे मी एकतीस वर्षं पोटात ठेवलंय. घरात भांडण नको म्हणून ठेवलं, दुसरं काही कारण नाही.

तू लिहितेस, बाबांनी मृत्युपत्र केलं नाही. केलं होतं. बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी आईने मला पेन्सिलीने पत्र लिहिलं, ते माझ्या ट्रंकेत आहे. मूळ पत्र मी टपालाच्या भरवशावर पाठवणार नाही. त्यातल्या ओळी जशाच्या तशा उतरवून देते:

'तुझ्या बाबांनी लिहून ठेवलेला जमिनीचा कागद घेऊन मी गावात गेले होते. कागद जजने ठेवून घेतला. म्हणाला, माझ्यापाशी राहू दे, हरवणार नाही. मी पुन्हा मागायला गेले नाही.'

त्या दिवशी आईला गावात कुणी नेलं होतं, आठव. जजने. मर्तिकाच्या गाडीतून. आई पुढच्या सीटवर बसली होती आणि वाटेत लोक टोप्या काढत होते, त्यावरून तुम्ही सगळे वर्षभर हसत होतात. तूच मला तसं लिहिलं होतंस.

म्हणजे कागद तेव्हापासून त्याच्याकडे आहे. आता त्याला बाबांचं अक्षर कशाला हवं, ते तूच सांग. एक तर तो कागद बदलायचा असेल, नाहीतर खोटा ठरवायचा असेल. आणि ज्या खुर्चीपुढे ते चालणार, त्या खुर्चीत तोच.

ओझेला

*

बेथेल क्रॉसिंग
१६ मे १९८८

प्रिय ओझेला,

महिनाभर लिहिलं नाही, कारण हातून काय होणार ते मला कळत होतं आणि तू मला अडवावंस किंवा ढकलावंस, दोन्ही मला नको होतं.

काल प्रार्थनेनंतर चर्चमध्ये उमेदवारांची सभा होती. उकाडा असा की सगळे पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत होते. ते पंखेही जजच्याच दुकानाने वाटलेले, प्रत्येकावर त्याचं नाव. तो छान बोलला. माँटगोमेरीत काय केलं ते सांगितलं. म्हणाला, जमिनीच्या जुन्या कागदांसाठी मी तीनदा कायदा मांडला, तिन्ही वेळा समितीने तो गाडून टाकला, आणि गाडण्याच्या कामात तर मी त्यांचा गुरू. लोक हसले. मग पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का.

मी उभी राहिले. म्हटलं, "जज, माझ्या आईने तुझ्या हाती दिलेला कागद कुठे आहे?" आणि तू पाठवलेल्या ओळी मोठ्याने वाचल्या.

ओझेला, एकही पंखा हलला नाही. जज खाली उतरून माझ्यापाशी आला, माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "हे काकूचं अक्षर नाही." मी म्हटलं, "नाही, ओझेलाने उतरवलंय." त्याने घडी घालून कागद मला परत दिला आणि म्हणाला, "याचं उत्तर मी आज देणार नाही." एवढंच. टोपी घेतली आणि निघून गेला.

खरा माणूस 'मी घेतला नाही' एवढं तरी म्हणेल ना? पण रात्रभर मला त्याचा तो चेहराच दिसत होता. मतदान सात जूनला आहे. आपल्या पक्षाची उमेदवारी ज्याला मिळेल तोच न्यायाधीश, नोव्हेंबरात दुसरं कुणी उभंच राहत नाही.

व्हर्लीन

*

डिट्रॉइट
२८ मे १९८८

प्रिय बेबी,

शाबास. मला तुझा अभिमान वाटतो. निर्दोष माणूस टोपी घेऊन पळत नाही.

मीही इथून एक काम केलं आहे. काय ते आत्ता सांगत नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही.

ओझेला

*

बेथेल क्रॉसिंग
१२ जून १९८८

ओझेला,

एकोणीस मतांनी निवडून आला. आपल्या चर्चमधली निम्मी माणसं मतदानाला गेलीच नाहीत. ओढ्यापलीकडच्या लोकांनी त्याला तारलं.

मी मत कुणाला दिलं ते विचारू नकोस. जानेवारीत तो खुर्चीत बसेल, आणि मग आपलं काय व्हायचं ते होईल. रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावतो. मी दुसरीकडे बघते.

व्हर्लीन

*

बेथेल क्रॉसिंग
२२ जानेवारी १९८९

ओझेला,

बसून वाच. मी उभ्याने लिहितेय, कारण बसलं की रडू येतं.

सोमवारी जजने शपथ घेतली. मंगळवारी सकाळी त्याने काउंटीतल्या सहा चर्चमधून दोन-दोन बायका बोलावल्या. आपल्या चर्चमधून मला बोलावलं. मला! व्हिटलॉच्या खोलीमागे एक छोटी खोली आहे, तिची किल्ली छत्तीस वर्षं फक्त त्या म्हाताऱ्याच्या कमरेला असायची. जजने ती किल्ली पाद्रीबाबांच्या बायकोच्या हातात ठेवली आणि स्वतः बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. म्हणाला, "मी आत पाऊल टाकणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको की मी काही ठेवलं किंवा काढलं."

आत एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात त्रेचाळीस लिफाफे. सगळे आपल्या माणसांचे. बापांनी लिहिलेली मृत्युपत्रं आणि विधवांनी आणून दिलेली खरेदीखतं, प्रत्येकावर व्हिटलॉच्या हातची तारीख, आणि एकाचीही वहीत नोंद नाही. माणसं 'कागद दिला' म्हणून निश्चिंत घरी गेली, आणि नोंद नाही म्हणून जमिनी वारसांत फुटत गेल्या, एकेक वाटा विकला गेला. बाबांचा कागद अकरावा निघाला. तारीख १९५७ ची.

मी तो हातात घेऊन बाहेर आले. जज म्हणाला, "व्हर्लीन, तुझ्या आईने मला जन्मात कधी जज म्हटलं का?"

ओझेला! आपण दोघी विसरलो कशा? आईला ते नाव खपायचं नाही. न्याय करणारा एकच, तो वर बसलाय, पोराला त्याचं नाव मी देणार नाही, म्हणायची. तिने मरेपर्यंत त्याला बडीच म्हटलं. आईने लिहिलेला 'जज' म्हणजे कोर्टातला जज. व्हिटलॉ.

मी विचारलं, "मग चर्चमध्ये सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "सांगून काय झालं असतं? कागद व्हिटलॉकडे आहे असं भर सभेत बोललो असतो, तर त्याच संध्याकाळी तो सगळं पेटवून मोकळा झाला असता. त्याच्या कारकून बाईने मला त्या कपाटाचं कानात सांगितलं होतं. कायदा करून कपाट उघडता येईना, म्हणून म्हटलं, किल्लीच घेऊ. तुझं ऐकून घेतलं. झालं."

झालं, म्हणे. चार पिढ्या ज्यांच्या शेजारी बसल्या त्यांनी आठ महिने याला चोर म्हटलं, आणि याने ऐकून घेतलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पण अजून संपलेलं नाही. नात्यातला खटला म्हणून जजने तो शेजारच्या काउंटीच्या न्यायाधीशांकडे सोपवला. बाकी बेचाळीस कागद मान्य व्हायला अडचण दिसत नाही. आपल्याच कागदाला कंपनीच्या वकिलाने हरकत घेतली. त्याने एक प्रतिज्ञापत्र काढून दाखवलं. गेल्या मे महिन्यात डिट्रॉइटला शपथेवर केलेलं, व्हिटलॉच्या कचेरीत टपालाने आलेलं. 'मूळ कागद १९५७ पासून जज टॉलिव्हर याच्या ताब्यात असून तो त्यात फेरफार करील अशी माझी खात्री आहे.' खाली तुझी सही. वकील म्हणतो, घरच्याच बाईने आधी बजावून ठेवलंय की या माणसाकडून खोटा कागद येणार. आला.

हे तू काय केलंस गं? तुला इथे येऊन उभं राहावं लागेल. भजनाचं पुस्तक मी जजला दिलं आहे, पण खेचरांच्या यादीने तुझी शपथ पुसली जात नाही. ताबडतोब ये. कागदामुळे जमीन घरातच राहते, एवढं समज. बाकी तू आलीस की बोलू.

व्हर्लीन

*

डिट्रॉइट
२ फेब्रुवारी १९८९

व्हर्लीन,

मी ट्रंक उघडून आईचं पत्र काढलं. त्याच पानावर, चार ओळी खाली, लिहिलंय, 'बडीने गाडीतून परत आणलं, वाटेत मला लिंबाचं सरबत पाजलं.' एकाच पानावर दोन माणसं आहेत आणि मी एकतीस वर्षं एकच वाचत आले. ती ओळ मी तुला उतरवून पाठवली नाही. मला ती कामाची वाटली नाही.

का, ते सांगते. बाबा गेले तेव्हा मी आले नाही. कारखान्यात सुट्टी मिळत नाही असं कळवलं. मिळत होती. तू कुणाही बरोबर पळून जायच्याच लायकीची आहेस, असं मी घर सोडताना बाबा मला म्हणाले होते, ते मला विसरता आलं नाही. त्यांना खांदा जजने दिला, पुरलं त्याने, आईला गावात नेलं त्याने. जे माझं काम होतं ते करणारा माणूस चोर असावा, असं मला वाटत होतं. मला ते हवंच होतं.

मी येतेय. सत्तेचाळीस वर्षांत आले नाही, आता येते. तुझं घर माझ्यामुळे जाणार नाही.

ओझेला

*

बेथेल क्रॉसिंग
९ एप्रिल १९८९

प्रिय ओझेला,

निकाल आला. कागद खरा ठरला. कर्टिसकडे विकायला काही नव्हतंच, म्हणून कंपनीकडेही काही नाही. मी अंगणात उभी राहून इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या कोंबड्या उडाल्या.

न्यायाधीशांनी तुझ्याबद्दल लिहिलंय ते उतरवून देते, सगळ्या ओळी, एकही न गाळता. 'या साक्षीदाराने दोनदा शपथ घेतली आहे. पहिल्या शपथेने तिचा वाटा शाबूत राहत होता. दुसऱ्या शपथेने तिला काहीच उरत नाही. मी दुसरी खरी मानतो.'

आता मला कबूल करायचंय. तू इथून गेलीस त्या दिवसापासून मला नीट जेवण जात नाही.

बाबांनी त्या कागदात काय लिहिलंय ते मला जानेवारीपासून माहीत होतं. वकिलाने तुझ्या हातात कागद देऊन शेवटचं वाक्य मोठ्याने वाचायला लावलं, तेव्हा मी मान खाली घातली. 'जमीन पोरांच्या आईच्या मागे धाकट्या व्हर्लीनची. ओझेला गेली ती गेली, तिला या मातीतलं काही देऊ नये.' तू वाचलंस आणि थांबलीस. किती वेळ थांबलीस! वकिलाने गोड आवाजात विचारलं, "अजूनही हे तुमच्या वडिलांचंच अक्षर आहे असं म्हणता का?" मला वाटलं, संपलं. आता ही नाही म्हणेल आणि माझं घर गेलं.

तू म्हणालीस, "होय साहेब. माझ्या नावातला झेड ते जन्मभर उलटा काढत. तो बघा."

जज मला म्हणाला होता, तिला आधी सांग. दोनदा म्हणाला. मी नाही सांगितलं. कळलं तर तू येणार नाहीस, किंवा आलीस तर खोटं बोलशील, असं मला वाटलं. तुझ्यावर मी संशय घेतला. मला माफ कर.

तुझी,
व्हर्लीन

*

डिट्रॉइट
१७ एप्रिल १९८९

प्रिय बेबी,

घर राहिलं, छान झालं. छपराची ती गळकी बाजू आता तरी नीट करून घे.

मी ते वाक्य कोर्टात पहिल्यांदा वाचलं असं तू समजतेस. कायद्याने प्रत्येक वारसाला कागदाची नक्कल पाठवावी लागते, हे तुला कुणी सांगितलं नाही वाटतं. मला ती फेब्रुवारीत मिळाली, सही-शिक्क्यासह. सोबत बडीची चार ओळींची चिठ्ठी होती: 'ओझेला, हे वाचून आली नाहीस तरी मी तुला नावं ठेवणार नाही.' दोन दिवस ते सगळं टेबलावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी मी बसचं तिकीट काढलं. कोर्टात थांबले, कारण ते मनात वाचणं वेगळं आणि भरल्या खोलीत आपल्याच तोंडाने म्हणणं वेगळं. बाबांचं बोलणं मला लागलं. अजून लागतंय.

पण त्याआधी पाच दिवस मी तुझ्या घरी होते. आपण दोघी पिकानची कवचं फोडत बसायचो. तू काहीतरी बोलायला तोंड उघडायचीस आणि मग उठून माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायचीस. मी पाचही दिवस वाट बघत होते. मला वाटायचं, आता सांगेल. निदान कोर्टाच्या पायऱ्या चढताना तरी सांगेल.

बडीच्या बाबतीत मी जे केलं, त्यानंतर हे विचारायचा हक्क मला नाही, ते मला कळतं. तरी विचारते. माझ्यावर एवढाच भरवसा होता का गं तुझा?

ओझेला